दुसरा डबा

१

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला कोणालाही अटक करू नये, असा कायदा कॅनडाच्या संसदेने करायला हवा होता. २००८ सालच्या त्या शुक्रवारी भर दुपारी ऊर्मी वानखेडेला उचललं, आणि आता मंगळवारपर्यंत या देशातलं कुठलंही कार्यालय फोन घेणार नव्हतं. मी इमिग्रेशनची वकील, नीरजा गुप्ते. मी निवृत्त झाले आहे असं केव्हापासून सगळ्यांना सांगते आहे. अजून एकाचाही विश्वास बसलेला नाही.

ऊर्मी नागपूरची. स्कारबरोच्या एका आरोग्य केंद्रात हेल्थ वर्कर आहे. टीबीच्या पेशंटच्या घरी रोज जायचं आणि त्याने गोळ्या खरंच गिळल्या का ते समोर उभं राहून बघायचं, हे तिचं काम. औषध मध्येच तुटलं की आजार जोराने उलटतो. तिच्या पेशंटपैकी काहींचे व्हिसा कधीच संपलेले. ते दवाखान्यात यायला घाबरतात, म्हणून ऊर्मी त्यांच्याकडे जाते. आणि ती जाते, म्हणून इमिग्रेशनवाल्यांना तिच्या मागे जायचं असतं. आयतं मिळालं तर शोधायचे कष्ट कोण घेतो?

विमानतळाकडच्या होल्डिंग सेंटरमध्ये हॅलोरन नावाचा अधिकारी माझ्यासमोर बसला. अटक त्यानेच केली होती. टेबलावर ऊर्मीच्या सामानाची प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एक स्टीलचा डबा.

"झाकणावरचे हे ठिपके काय आहेत?" त्याने विचारलं. "कोड आहे?"

"नाव आहे. शीला. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. ती तिची घरमालकीण."

"आत काय आहे?"

"खिचडी. आता उघडू नका."

त्याने ते लिहून घेतलं. मी कपाळाला हात लावायचा मोह आवरला.

त्याची हकिगत अशी. तो सहज गस्तीवर होता. बंद पडलेल्या बोलिंग अ‍ॅलीच्या मागे एक अनोळखी बाई गाडीत बसलेली दिसली. ओळख विचारली, तर तिच्याकडे पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवाशाचं ओळखपत्र, नव्हतं. कोण आहे ते कळेना, म्हणून ताब्यात घेतली.

"कार्ड नवीन करायला दिलंय. तुमच्याच खात्याकडे पडून आहे," मी म्हटलं. "लायसन्स दाखवलं ना तिने? कॉम्प्युटरवर नाव टाकलं की कळेल."

"ते मंगळवारी बघू."

इथे कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी. परक्या नागरिकाची ओळख पटली नाही तर अधिकारी त्याला वॉरंटशिवाय धरू शकतो. पण ऊर्मीसारख्या कायम रहिवाशाला धरायचं तर वॉरंट हवं. म्हणजे हॅलोरनला ती कोण हे खरंच माहीत नसेल, तर अटक कायदेशीर. आधीपासून माहीत असेल, तर बेकायदा.

ऊर्मी आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "ज्या पेशंटकडे निघाली होतीस त्याचा पत्ता दे अन् आत्ता घरी जा, असं म्हणून राहिले ते, ताई. मी नाही दिला. माझ्या गोळ्यांची बॅग जप्त केली. त्याला आज गोळ्या नाही मिळाल्या."

"सेंटरमधून दुसऱ्या कोणाला पाठवू?"

"तो माझ्याशिवाय दार नाही उघडत. अन् त्याचं घर फक्त मला माहीत आहे." मग तिला काहीतरी आठवलं. "शीलाकाकूंना सांगा, एक डबा इथे अडकला, कालचा पेशंटकडे राहिला. रोज भरलेला नेते, आदल्या दिवशीचा परत आणते. दोनच आहेत, त्या शोधत बसतील."

अटकेत बसलेल्या मुलीला डब्यांची काळजी. मला हसावं की ओरडावं कळेना.

"कोण आहेस, असं त्याने विचारलं तेव्हा तू नेमकं काय सांगितलंस?"

"त्याने विचारलंच नाही, ताई," ऊर्मी म्हणाली. "काच वाजवली अन् म्हणाला, मिस वानखेडे, बाहेर या."

२

म्हणजे त्याला नाव कोणीतरी आधी दिलं होतं. जागासुद्धा दिली होती, कारण ऊर्मी गाडी रोज वेगळ्या ठिकाणी लावते आणि पुढे चालत जाते. पण तिचा शब्द एकीकडे आणि युनिफॉर्म दुसरीकडे असला की पारडं कुठे झुकतं हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. मला तो 'कोणीतरी' हवा होता. मंगळवारच्या सुनावणीत उभा राहून खरं सांगणारा. नाहीतर पुढचं मला पाठ होतं. ओळख पटल्यासारखी करतील आणि 'घरोघरी जायचं नाही' या अटीवर सोडतील. ऊर्मीची नोकरी संपेल, आणि तिच्या पेशंटना गोळ्या कोण देणार, हा प्रश्न कोणीच विचारणार नाही.

शुक्रवारी गाडी कुठे लागणार हे चौघांना माहीत होतं. आरोग्य केंद्राचा मॅनेजर दिलीप, कारण सुरक्षेसाठी ती त्याला रोज कळवते. आणि टिपणीसांच्या घरातले तिघे, शीला, तिचा नवरा आणि पुतण्या. ऊर्मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. गुरुवारी रात्री वर जेवायला होती, तेव्हा रस्त्याच्या खोदकामाचा विषय निघाला आणि ती म्हणून गेली, उद्या बोलिंग अ‍ॅलीच्या मागे लावीन.

शनिवारी सकाळी दिलीप मला कॉफीच्या दुकानात भेटला. तिसऱ्या घोटापर्यंत तो चार वेळा 'बोर्ड' म्हणाला.

"नीरजाताई, आय अ‍ॅम टोटली ऑन युअर साइड. पण बोर्डने सांगितलंय, मॅटर क्लिअर होईपर्यंत सगळ्या होम व्हिजिट्स बंद."

"आणि पेशंट?"

"दॅट्स द प्रॉब्लेम. पत्ता आमच्याकडे नाहीच. कागद नसलेल्यांचे पत्ते फक्त वर्करकडे ठेवायचे, ही पॉलिसी मीच केली."

"इमिग्रेशनवाले तुमच्याकडे कधी आले होते?"

त्याने कपाचं झाकण काढलं आणि परत लावलं. "सप्टेंबरमध्ये. एक उंच ऑफिसर. होम व्हिजिट्सची माहिती मागत होता. मी म्हटलं, वॉरंट आण. गेला."

"हे ऊर्मीला सांगितलंत?"

"शी वुड पॅनिक. म्हणून नाही सांगितलं."

मला त्याच्या डोक्यावर ती कॉफी ओतावीशी वाटली. माणूस दारात खंबीर उभा राहतो, आणि जिच्यासाठी उभा राहिला तिलाच अंधारात ठेवतो. पण एवढं कळलं की दिलीपला जागा माहीत होती, पेशंटचं घर नाही. आणि ज्याने हॅलोरनला हाकललं त्याने नंतर स्वतःहून त्याला फोन करावा, याला काही अर्थ नव्हता.

हॅलोरन एका दारातून रिकाम्या हाताने गेला होता. तो दुसरं दार शोधणार, हे उघड होतं.

३

रविवारी टिपणीसांकडे गेले. रवींद्र टिपणीस अंगणात मेपलची पानं गोळा करत होते. एकाहत्तर साली इंजिनिअर म्हणून आले, मराठी मंडळाचे दोनदा अध्यक्ष झाले, आजवर पार्किंगचं तिकीटसुद्धा नाही. मला बघून त्यांनी दाताळं खाली ठेवलं.

"फार वाईट झालं, नीरजाताई. पण गैरसमज असेल. इथलं सरकार तसं नाही. आपण सहकार्य केलं तर ते पण रीतसर वागतात."

मी मान डोलावली. सदतीस वर्षांच्या विश्वासाशी अंगणात वाद घालत नाहीत.

आत सोफ्यावर त्यांचा पुतण्या राजस झोपेतून उठत होता. पुण्याहून शिकायला आलेला. पेट्रोल पंपाचा युनिफॉर्म खुर्चीवर लोंबत होता. स्टुडंट परमिटवर त्याला ते काम करता येत नव्हतं, हे न कळायला मी काही काल कॅनडात आले नव्हते.

"राजस, ऊर्मीबद्दल कोणाशी बोललास?"

"नो, काकू. प्रॉमिस. मी कशाला कोणत्या ऑफिसरशी बोलेन? मला त्यांना बघितलं तरी टेन्शन येतं." तो युनिफॉर्म उचलून घाईने खाली गेला.

शीलाने चहा टाकला. शीला माझी जुनी मैत्रीण, आणि रागावली की ती आधी भांडी आवरते. सगळा ओटा लखलखत होता.

"पोरीने कोणाचं काय घोडं मारलं होतं गं?" ती म्हणाली. "दोन घास खाल्ल्याशिवाय गोळ्या घेतल्या की त्याला उलटी होते म्हणाली, म्हणून मी डबा द्यायला लागले. कोण, कुठला, मी विचारलं नाही. विचारायचं नाही असंच ठरलं होतं."

"तुझा एक डबा पिशवीत सील करून ठेवलाय त्यांनी. ठिपक्यांचा कोड फोडतायत."

ती हसली नाही. "राहू दे. राजसने पंपावर नेऊन आधीच दोन हरवले. म्हणतो, काकू, प्लास्टिकचा घे ना. या पोरांना डब्याचं काय? ह्यांना विचार, लग्नानंतर पहिल्याच वर्षी कारखान्यात एक विसरून आले, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना परत पाठवलं होतं मी." तिने एक डबा माझ्यापुढे सरकवला. "चहाबरोबर हे घे. केळ्याचे काप आहेत, गोड. राजसने आणले असतील कुठून तरी."

काप जाड होते, तिरपे कापलेले, काठाला तळून काळपट झालेले. पिकल्या प्लँटेनचे, म्हणजे भाजीच्या मोठ्या केळ्यांचे. कॅरिबियन लोक करतात तसे. मी एक तोंडात टाकला, आणि झाकण हातात घेतलं.

झाकणावर ठिपक्यांनी लिहिलं होतं, शीला.

"हा तिसरा कुठून काढलास?"

"तिसरा कुठला? दोनच उरलेत म्हटलं ना." मग तिचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. ती डब्याकडे बघत राहिली.

एक डबा विमानतळाकडे सीलबंद होता. दुसरा पेशंटच्या घरी असायला हवा होता. तो इथे ओट्यावर होता, धुतलेला, पुसलेला, भरलेला.

४

मी अंगणात गेले. टिपणीस पानं कागदी पोत्यात भरत होते.

"रवींद्रराव, त्या माणसाकडे काल गेला होतात की परवा?"

त्यांनी पोत्याचं तोंड दुमडलं, उघडलं, पुन्हा दुमडलं. "कोणत्या माणसाकडे?"

"डबा घरी परत आलाय. तो चालत आलेला नाही. दिलीपला ते घर माहीत नाही. राजस गेला असता तर डबा तिथेच सोडून आला असता. त्याने दोन असेच हरवलेत. बायकोचा स्टीलचा डबा परक्या घरात दिसला आणि तो तिथे सोडून यायची हिंमत झाली नाही, असा माणूस या घरात एकच आहे. आणि चांगलं काम करायलाच गेला असतात, तर शीलाला सांगून, तिच्याकडून गरम जेवण घेऊन गेला असतात. लपून का गेलात?"

ते पायरीवर बसले. आणि मग सगळंच बोलले.

हॅलोरन सप्टेंबरच्या शेवटी घरी आला होता. अगदी नम्रपणे. राजस कुठल्या पंपावर किती वाजता असतो हे त्याला माहीत होतं. परमिट रद्द होऊ शकतं म्हणाला. पण त्याला राजसमध्ये रस नाही. बेसमेंटमधल्या मिस वानखेडेशी नुसतं बोलायचंय, ती कायम रहिवासी आहे हे त्याला माहीत आहे, तिला काही होणार नाही. ती गाडी कुठे लावते एवढं कळवा.

"बोलायचंय म्हणाला हो," टिपणीस म्हणाले. "इथला अधिकारी तोंडावर खोटं बोलेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. राजसच्या वडिलांना मी शब्द दिलाय. पेशंटचं घर मला माहीत होतं. तिची गाडी पंक्चर झाली तेव्हा मी सोडलं होतं एकदा. त्याने ते विचारलं. ते मी सांगितलं नाही."

"आणि काल?"

"जेवण घेऊन गेलो. दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यातून. म्हटलं स्टीलचा नेला तर हिला कळेल. त्याने साखळी न काढता फटीतून विचारलं, ऊर्मी बरी आहे ना? मी हो म्हटलं. त्याच्या हातात हिचा डबा होता. रिकामा देऊ नये म्हणून त्याने त्यात..." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "न्यायचा तो प्लास्टिकचा हे सुचलं, पण स्टीलचा परत आणायचा नाही हे नाही सुचलं."

मागे जाळीचं दार वाजलं. शीला उभी होती, आणि तिच्यामागे राजस.

"तो उंच माणूस," शीला म्हणाली. "हीटिंगची फर्नेस तपासायला आलाय म्हणालात तुम्ही. मी त्याला आल्याचा चहा दिला. चकली दिली."

टिपणीसांनी मान वर केली नाही.

"मंगळवारी हे सांगावं लागेल, रवींद्रराव," मी म्हटलं. "शपथेवर."

"आणि राजसचं काय?"

मी खोटी आशा देत नाही. "जाऊ शकतो. मी लढेन, पण त्याला भारतात परत पाठवू शकतात."

राजस खाली बसला, काकांच्या शेजारी. "काका, पंपावर मी जात होतो. दॅट्स ऑन मी. ऊर्मीने काय केलं?"

शीला नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही जाणार आहात," ती म्हणाली. "आणि नाही गेलात तर मी जाईन, आणि मग परत या घरात येणार नाही."

५

सुनावणीची खोली लहान होती. निर्णय देणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सरकारतर्फे एक तरुण प्रतिनिधी आणि त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून हॅलोरन. माझं अंदाज करण्याचं कौशल्य काही गंजलेलं नव्हतं. प्रतिनिधीने उभं राहून सांगितलं की ओळख आज सकाळीच पटली, सुटकेला हरकत नाही, फक्त अट एकच, घरोघरी भेटी बंद.

हॅलोरनने शपथेवर सांगितलं की शुक्रवारपूर्वी त्याने या बाईचं नाव ऐकलं नव्हतं. तिच्या घराशी, घरमालकांशी त्याचा कधी काही संबंध आला नव्हता.

"अजिबात नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही."

मग मी टिपणीसांना बोलावलं. त्यांचं नाव मी त्या क्षणापर्यंत कोणालाही दिलं नव्हतं. त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमाला घालतात तो सूट घातला होता. मी त्यांना बजावलं होतं, विचारेन तेवढंच सांगा. राजसबद्दल मी विचारणार नव्हते.

त्यांनी सांगितलं. अधिकारी घरी आला. मिस वानखेडे म्हणून नाव त्यानेच घेतलं. ती कायम रहिवासी आहे हे त्यानेच सांगितलं. गाडी कुठे लावते ते विचारलं, आणि गुरुवारी रात्री मी त्याला फोन करून कळवलं.

प्रतिनिधीने हॅलोरनच्या तोंडाशी कान नेला. हॅलोरन बराच वेळ कुजबुजला. मग प्रतिनिधी उठला, आवाजात धार आणून.

"मिस्टर टिपणीस, तुमचा पुतण्या बेकायदा काम करतो, पेट्रोल पंपावर. बरोबर? म्हणजे या अधिकाऱ्यावर चिखल उडवायला तुमच्याकडे चांगलंच कारण आहे."

टिपणीसांचा चेहरा पांढरा पडला, पण ते म्हणाले, "हो. करतो."

मी उठले. मला उगाच घाई नव्हती. "मॅडम, साक्षीदाराला पुतण्या आहे, हे या खोलीत आतापर्यंत कोणीच म्हटलेलं नाही. साक्षीदाराचं नाव मी आत्ताच सांगितलं. आणि या कुटुंबाशी कधी काहीच संबंध आला नाही, असं अधिकाऱ्याने शपथेवर सांगून पंधरा मिनिटंही झाली नाहीत. मग तो मुलगा कुठे काम करतो, हे आत्ता कानात कोणी सांगितलं?"

प्रतिनिधी खाली बसला. हॅलोरन समोरच्या भिंतीकडे बघू लागला. बाईंनी चष्मा काढला आणि त्याला तोच प्रश्न स्वतः विचारला. त्याने वकिलाशी बोलायची परवानगी मागितली.

"मलाही तेच योग्य वाटतं," बाई म्हणाल्या. अटक बेकायदा ठरली. ऊर्मी सुटली, एकाही अटीशिवाय. हॅलोरनच्या चौकशीचं वरच्यांकडे पाठवू, असंही त्या म्हणाल्या. असं पाठवलेलं कुठे जातं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर टिपणीस ऊर्मीसमोर उभे राहिले, हात जोडून. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "काका, आज नाही बोलू शकत मी तुमच्याशी," ती म्हणाली. "नंतर बघू." तेवढंच. राजसला नोटीस येणार होती, पुढच्याच आठवड्यात. ती केसही माझ्याच गळ्यात पडणार होती. निवृत्तीच्या नावाने चांगभलं.

परतीच्या वाटेवर मी ऊर्मीला शीलाच्या चहासकट सगळं सांगितलं, आणि तिने मला आधी आरोग्य केंद्राकडे नेलं. दिलीप गोळ्यांची नवीन बॅग घेऊन दाराबाहेरच उभा होता. 'बोर्ड' म्हणायला त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. ऊर्मी अजून त्याच कपड्यांत होती. मी म्हटलं, घरी जा, आंघोळ कर, जेव. तिने ऐकून घेतलं आणि रस्ता सांगत राहिली, डावीकडे, सरळ, सिग्नलला उजवीकडे.

एका चौकात ती म्हणाली, "इथेच थांबवा, ताई."

"थंडीत कुठे चालत जातेस? घरापर्यंत सोडते ना."

"नाही. पुढचं मी जाते."

माझा तोल सुटला. सबंध सुट्टी मी हिच्यासाठी पणाला लावली होती. "ऊर्मी, मी तुझी वकील आहे. माझ्यापासून काय लपवतेस?"

"टिपणीसकाका पण चांगलेच आहेत, ताई," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला घर माहीत नसलं तर तुमच्या दारात कोणी येऊन चहा नाही पिणार."

मी दाराचं लॉक काढलं. ती बॅग छातीशी धरून उतरली आणि फुटपाथवर उभी राहिली. मी गाडी वळवली. आरशात बघितलं तर ती अजून तिथेच होती, मी दिसेनाशी व्हायची वाट बघत.